जामोवी: टू-वे ॲनोव्हासाठी फुकटातलं चांगलं, पण समज आपलीच लागते

एम.ए. मानसशास्त्राचा संशोधन प्रकल्प छत्रपती संभाजीनगरात असो, नांदेडला असो की लातूरला, शेवटच्या महिन्यात गाडी अडते ती आकडेवारीपाशी. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक प्रत सोबत व्हायरस घेऊन येते. आणि ‘डेटा ॲनालिसिस करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या दुकानात टाकलेला डेटा देखणी टेबलं होऊन परत येतो, पण तोंडी परीक्षेत त्या टेबलांचा अर्थ सांगायची वेळ आली की बोबडी वळते. या तिन्हींवर उतारा म्हणून जामोवी हे फुकट मिळणारं आकडेवारीचं सॉफ्टवेअर सुचवायला हरकत नाही. एकापेक्षा जास्त स्वतंत्र चल (ज्यांचा परिणाम तपासायचा ते घटक) असलेल्या प्रयोगांसाठी, म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणाऱ्या ॲनोव्हासाठी, ते कितपत कामाचं, एवढंच इथं बघितलं आहे. टी-टेस्ट आणि सहसंबंध काय, कुठलंही सॉफ्टवेअर काढून देतं.

जामोवी २०१७ साली आलं. जोनाथन लव्ह, डेमियन ड्रॉपमन आणि रवी सेल्कर हे त्याचे कर्ते. आधी ते ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या जॅस्प या सॉफ्टवेअरवर काम करत होते. आतलं गणित आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत चालतं, वरचा चेहरा माउसने हाताळण्याजोगा आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उतरवताना ‘सॉलिड’ आणि ‘करंट’ अशा दोन आवृत्त्या दिसतात. प्रकल्पासाठी सॉलिड घ्यावी. एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही, आणि वीज गेली की वाय-फायही जातं अशा गावात हा गुण लहान नाही. ब्राउझरमध्ये चालणारी क्लाउड आवृत्तीही आहे, पण तिचा इथं विचार केलेला नाही.

वापरायला कसं आहे हे एका खऱ्या प्रयोगाच्या मांडणीवरच बघू. धडा पुन्हा पुन्हा वाचावा की पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढावं, हा लातूरच्या अभ्यासिकांमधला रोजचा वाद आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या प्रयोगात नेमकं हेच तपासलं. १२० विद्यार्थी, दोन उतारे. एक उतारा प्रत्येकाने दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. शेवटची चाचणी कुणाची ५ मिनिटांनी, कुणाची २ दिवसांनी, कुणाची आठवड्याने. म्हणजे दोन स्वतंत्र चल: अभ्यासाची पद्धत (२ पातळ्या, प्रत्येकावर दोन्ही) आणि मधला अवधी (३ पातळ्या, प्रत्येक विद्यार्थी एकाच गटात). याला २×३ मिश्र डिझाइन म्हणतात.

जामोवीत हा डेटा आडवा भरायचा: एक विद्यार्थी, एक ओळ. चार स्तंभ पुरतात: क्रमांक, अवधी, वाचनाचे गुण, चाचणीचे गुण. ॲनोव्हाच्या मेनूतून ‘रिपीटेड मेझर्स’ उघडायचं, वरच्या चौकटीत ‘आरएम फॅक्टर १’ पुसून ‘पद्धत’ लिहायचं, ‘लेव्हल १’, ‘लेव्हल २’च्या जागी ‘वाचन’, ‘चाचणी’. मग गुणांचे स्तंभ ‘रिपीटेड मेझर्स सेल्स’मध्ये आणि अवधी ‘बिटवीन सब्जेक्ट फॅक्टर्स’मध्ये ओढायचा. उजव्या बाजूला निकाल तिथल्या तिथे उमटतो. रन दाबायचं बटण कुठे आहे म्हणून शोधू नका. तसलं काही नाही.

इथला पहिला धोका सेल्सच्या चौकटीत आहे. प्रत्येक रिकाम्या जागेखाली फिक्या अक्षरात कुठल्या पातळीची जागा आहे ते लिहिलेलं असतं. ते न बघता स्तंभ भराभर ओढले आणि वाचनाच्या जागी चाचणी बसली, तर सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही. निष्कर्ष बरोब्बर उलटा येतो, आणि तोही झोकात. दोन स्तंभांत हे लगेच लक्षात येतं. पण दोन्ही चल प्रत्येकावर वापरले असले तर २×३ला सहा स्तंभ होतात, आणि तिथे घोळ पकडायला हातात फक्त सरासऱ्या असतात. म्हणून ‘डिस्क्रिप्टिव्ह्ज’ आधी काढायचं, सेलनिहाय (म्हणजे दोन्ही चलांच्या पातळ्यांच्या प्रत्येक जोडीची) सरासरी कागदावर उतरवायची आणि ॲनोव्हाच्या आलेखाशी ताडून बघायची.

दुसरी गोष्ट घाबरवणारी, पण निरुपद्रवी. ‘स्फेरिसिटी’ (पातळ्यांमधल्या फरकांचा पसारा सारखा असण्याची अट) तपासणीवर खूण केली की टेबलात मॉक्लीच्या चाचणीचं मूल्य १ येतं आणि पीच्या (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) जागी ‘एनएएन’, म्हणजे ‘आकडा नाही’, दिसतं. डेटा बिघडला असं समजून कित्येक जण सगळं पुन्हा भरायला घेतात. खरं कारण साधं आहे: पद्धतीला दोनच पातळ्या आहेत, म्हणजे फरकांचा एकच संच होतो, तुलना कशाशी करणार? ही अट फक्त तीन किंवा जास्त पातळ्यांना लागते. टेबलाखालची टीप तेच सांगते, पण टीप वाचतो कोण. तीन पातळ्या असतील आणि अट मोडली, तर त्याच खिडकीत ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती टिचकीसरशी मिळते.

तिसरी तपासणी प्रत्येकाने, प्रत्येक वेळी करावी: स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे ‘डीएफ’चा स्तंभ. घटकाला जितक्या पातळ्या, त्याहून एक कमी. वरच्या प्रयोगात पद्धतीला १, अवधीला २, दोहोंच्या इंटरॅक्शनला (एका चलाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीनुसार बदलणं) २, आणि शेषाला (चलांनी न उलगडलेला उरलेला फरक) १२० वजा ३ म्हणजे ११७ यायला हवं. ‘लातूर’ कुठे ‘लातुर’ झालं असेल तर जामोवी ते दोन जिल्हे धरतं. मग दोन पातळ्यांच्या घटकापुढे १ ऐवजी २ दिसतो. गुगल फॉर्मवरून आलेल्या डेटात ह्रस्व-दीर्घाची ही चूक हमखास सापडते, म्हणून फॉर्ममध्ये लिहायला न लावता पर्याय द्यावेत. एक्सेलमधून सीएसव्ही करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडला नाही तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, तो दोष जामोवीचा नाही. स्तंभाच्या डोक्यावरचं चिन्हही बघावं: तीन वर्तुळं म्हणजे गट, पट्टी म्हणजे सलग आकडा. अवधी १, २, ३ असा भरला असेल तर तिथे वर्तुळंच हवीत.

आता निकाल वाचण्याचं. जामोवी टेबलात मुख्य परिणाम (एकेका चलाचा सरासरी परिणाम) आधी आणि इंटरॅक्शन खाली देतं. वाचायचं खालून वर. का, ते रोडिगर-कार्पिकींच्या आकड्यांवरून दिसतं. पुन्हा वाचलेल्या उताऱ्याचं स्मरण ५ मिनिटांनी ८१ टक्के, २ दिवसांनी ५४, आठवड्याने ४२. चाचणी दिलेल्या उताऱ्याचं ७५, ६८ आणि ५६. फक्त मुख्य परिणाम बघितला तर वाचनाची सरासरी ५९, चाचणीची सुमारे ६६. निष्कर्ष काय, तर चाचणी सात टक्क्यांनी सरस. पण सातचा फरक तिथे कुठेच नाही! ५ मिनिटांनी वाचन सहाने पुढे आहे, नंतर दोन्ही वेळा चाचणी चौदाने. उद्या सकाळी पेपर असताना आणि पेपर महिन्यावर असताना सल्ला वेगवेगळा द्यावा लागतो, आणि ते फक्त इंटरॅक्शन सांगते.

यासाठी जामोवीचं सगळ्यात कामाचं अंग म्हणजे ‘एस्टिमेटेड मार्जिनल मीन्स’. तिथल्या ‘टर्म’मध्ये जो चल आधी ओढला तो आडव्या अक्षावर जातो, दुसऱ्याच्या वेगळ्या रेषा होतात, तिसरा असेल तर वेगळे आलेख. क्रम बदलून दोन्ही चित्रं बघावीत. एकात न दिसणारी गोष्ट दुसऱ्यात दिसते. इथे अवधी आडवा ठेवला की दोन रेषा एकमेकींना छेदतात. अशी छेदणारी इंटरॅक्शन पक्की समजायची, कारण गुणांची मोजपट्टी कशीही ताणली-दाबली तरी वरचं खाली जात नाही. रेषा नुसत्या फाकत गेल्या असतील तर मात्र जपून. मोजमाप बदललं, टक्क्यांऐवजी लॉग घेतलं, की असली इंटरॅक्शन विरघळूनही जाते. जॉफ्री लॉफ्टस यांनी १९७८ सालीच हा इशारा दिला होता.

त्याचाच एक गावठी प्रकार म्हणजे छताला डोकं लागणं. उतारा इतका सोपा की ५ मिनिटांनी दोन्ही गट २० पैकी १९ गुण घेतात. तिथे फरक दिसायला जागाच नाही, नंतर दिसतो, आणि ॲनोव्हा ठणकावून ‘इंटरॅक्शन’ म्हणतं. जामोवी याबद्दल सावध करत नाही. त्याच खिडकीत ‘ऑब्झर्व्ड स्कोअर्स’वर खूण केली की एकेक विद्यार्थी ठिपका होऊन दिसतो, ठिपके वरच्या कडेला चिकटलेले असतील तर चाचणी अवघड करून प्रयोग पुन्हा घ्यावा लागेल. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होईलच असं नाही, म्हणून अडीच गुणांचा फरकही डोंगराएवढा दिसतो. अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नये.

आता तक्रार. इंटरॅक्शन आली की पुढचा प्रश्न ‘कुठे?’ असा असतो. प्रत्येक अवधीला पद्धतींमधला फरक वेगळा तपासायचा, यालाच सिंपल इफेक्ट म्हणतात. मूळ जामोवीच्या ॲनोव्हात त्यासाठी चौकटच नाही. समोर ‘पोस्ट हॉक टेस्ट्स’ दिसतं, विद्यार्थी त्यात इंटरॅक्शन टाकतो, आणि सहा सेलच्या १५ जोड्यांचं लांबलचक टेबल बाहेर येतं. त्यात ‘वाचन ५ मिनिटांनी विरुद्ध चाचणी आठवड्याने’ अशाही जोड्या असतात, ज्यात दोन्ही चल एकदम बदललेले आहेत. त्यावरून कुणी काय सांगणार? वर बॉन्फेरोनी (जितक्या तुलना, तितका उंबरठा कडक करणारी दुरुस्ती) लावलं की ०.०५ भागिले १५, म्हणजे ०.००३३चा उंबरठा. आपल्याला लागणाऱ्या जोड्या तीनच, त्यांचा उंबरठा ०.०१६७. निम्म्याहून जास्त प्रकल्पांतला गोंधळ या एका टेबलातून निघत असावा असा अंदाज आहे.

उपाय आहे: मार्चेल्लो गालुच्ची यांचं ‘गॅमएलजे’ हे मॉड्यूल. जामोवीच्या उजव्या कोपऱ्यातल्या अधिकच्या खुणेवर लायब्ररी उघडते, तिथून ते फुकट बसवता येतं. त्यात ‘सिंपल इफेक्ट्स’ नावाचा वेगळा कप्पा आहे. एका जागी पद्धत, दुसऱ्या जागी अवधी टाकला की हव्या त्याच तीन ओळी मिळतात. हे मूळ पॅकेजमध्ये असायला हवं होतं. जॅस्पच्या ॲनोव्हात ते आहे, आणि बेझियन ॲनोव्हाही आहे; ज्याचा सगळा भर सिंपल इफेक्ट्सवर आहे त्याने जॅस्पच घ्यावं. बाकी डेटा भरण्या-बदलण्याची सोय, एक्सेलसारखी वाटणारी पाटी आणि आर भाषेतल्या मॉड्यूलांची भरती यात जामोवी उजवं वाटतं.

सिंपल इफेक्ट्स वगळून एक चुकीची वाट लोक धरतात, ती वेगळी सांगायला हवी. दोन गटांत दोन वेगळ्या टी-टेस्ट करायच्या. एकीत पी ०.०३, दुसरीत ०.०८, लगेच लिहायचं, ‘परिणाम शहरी मुलांत आहे, ग्रामीण मुलांत नाही.’ दोन परिणामांतला फरक तपासलाच नाही, तो तपासते इंटरॅक्शन. हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही. मेंदूविज्ञानाच्या नामांकित नियतकालिकांतले ५१३ लेख निउवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तपासले; ही चूक होऊ शकेल असे १५७ निघाले, आणि त्यांतल्या ७९ जणांनी ती केलेली होती.

जामोवीची गती हा गुण आहे आणि मोहही. खूण केली, पी बघितला, खूण काढली, एक घटक वाढवला, पुन्हा बघितला. दोन घटकांत तीन परिणाम तपासले जातात, तीन घटकांत सात, चार घटकांत पंधरा. प्रत्येकाला ०.०५ धरलं आणि खरं काहीच नसलं, तरी सातांत निदान एक ‘सार्थ’ (पी ०.०५च्या खाली) निघण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, पंधरांत सुमारे ५४. ॲनोव्हाच्या मुख्य टेबलात याची दुरुस्ती नाही, ना जामोवीत ना एसपीएसएसमध्ये. कुठली इंटरॅक्शन अपेक्षित आहे ते डेटा गोळा करण्याआधी लिहून, मार्गदर्शकांची सही घेऊन ठेवलं तर निदान आपलं आपल्याला कळतं.

गटांतल्या विद्यार्थ्यांची संख्या असमान असेल तर वर्गबेरजेचा (सम ऑफ स्क्वेअर्स, ज्यावर ॲनोव्हाचं गणित चालतं) प्रकार महत्त्वाचा. जामोवी मुळातच टाइप ३ देतं, एसपीएसएसही तेच. आर भाषेतला साधा ‘एओव्ही’ टाइप १ देतो, म्हणून दोन मित्रांचे निकाल जुळत नाहीत आणि दोघंही एकमेकांना चुकीचं ठरवतात.

आता सॉफ्टवेअरच्या हाताबाहेरचं, पण परीक्षणात टाळता न येणारं. फॅक्टोरियल डिझाइन शेतातून आलं. रॉनल्ड फिशर यांनी इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात १९२०च्या दशकात खत, वाण यांचे प्रयोग एकाच वेळी एकत्र लावायची रीत बसवली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ती पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. तिथे कुठल्या वाफ्याला किती नत्र द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या ‘२×२ फॅक्टोरियल’मध्ये मात्र बहुतेक वेळा लिंग आणि ग्रामीण-शहरी हेच दोन घटक असतात. मुलगी असणं किंवा औंढ्याजवळच्या वाडीत राहणं चिठ्ठी टाकून वाटून देता येत नाही. ही तुलना आहे, प्रयोग नाही; ग्रामीण-शहरी फरकामागे माध्यम, शिकवणी, आई-वडिलांचं शिक्षण, सगळं दडलेलं असतं. जामोवीला दोन्ही सारखेच, ते टेबल देऊन मोकळं होतं. निष्कर्षात ‘परिणाम झाला’ न लिहिता ‘फरक आढळला’ लिहावं. निदान एक चल आपण स्वतः हाताळलेला असावा: उताऱ्याची पद्धत, आवाजाची पातळी, वेळेचा दाब. दुसरा लिंग किंवा वसतिस्थान असला तरी मग इंटरॅक्शनला अर्थ राहतो.

चिठ्ठ्या टाकल्या तरी भागत नाही. मे महिन्यात शांत खोलीचा गट सकाळी सात वाजता आणि गोंगाटाचा गट दुपारी दोनला घेतला, तर तपासलं काय, आवाज की बेचाळीस अंशांतला उकाडा? प्रत्येक वेळेला दोन्ही गट अर्धे-अर्धे बसवावेत. एकाच विद्यार्थ्यावर चारही अटी वापरायच्या असतील तर क्रम २४ होतात. सगळे वापरायची गरज नाही, संतुलित लॅटिन चौकोनाचे (प्रत्येक अट प्रत्येक क्रमांकावर एकदाच येईल अशी मांडणी) चार पुरतात, मात्र विद्यार्थ्यांची संख्या चारच्या पटीत ठेवावी.

लांब अवधीचा गट आणखी एका कारणाने फसतो. बीड, धाराशिव, जालन्याच्या कित्येक शाळांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसोबत मुलंही जातात. दिवाळीआधी शिकवून महिन्याने चाचणी ठेवली तर गळती होते, आणि ती ठरावीक घरांतल्या मुलांचीच होते. उरलेल्यांची सरासरी आपोआप बदलते. यात जामोवीची रीत भर घालते: रिपीटेड मेझर्समध्ये ज्याचा एकही स्तंभ रिकामा, त्याची पूर्ण ओळ बाद. तीनदा मोजलेल्या ९० मुलांतली २५ शेवटच्या वेळी नसतील तर त्यांची आधीची दोन्ही मोजमापंही गेली. टेबलात ही बाब ठळक दिसत नाही. शेषाची स्वातंत्र्यमात्रा मोजली तरच कळते. गॅमएलजेचं मिश्र मॉडेल उभा डेटा (प्रत्येक मोजमापाला वेगळी ओळ) घेतं आणि उपलब्ध ओळी वापरतं, पण गळतीचं कारण निकालाशी जोडलेलं असेल तर त्यानेही पूर्ण दुरुस्ती होत नाही. चाचणीची तारीख शाळेच्या शिक्षकांना विचारून ठरवणं सोपं.

आणि नमुना. दोनच गट, मध्यम आकाराचा परिणाम (कोहेनचा डी ०.५) आणि ८० टक्के शक्ती (परिणाम खरोखर असेल तर तो पकडण्याची शक्यता) हवी तर गटाला ६४, एकूण १२८ लागतात. आता दुसरा चल घातला आणि म्हणणं असं की एका अटीत हा परिणाम दिसतो, दुसऱ्या अटीत पूर्ण नाहीसा होतो. ही इंटरॅक्शन पकडायला प्रत्येक सेलमध्ये साधारण दुप्पट माणसं लागतात, म्हणजे चार सेलचे मिळून सुमारे ५००. परिणाम नाहीसा न होता निम्मा होत असेल तर एकूण दोन हजारांच्या घरात. ६० मुलं-मुली घेऊन २×२ करणाऱ्या प्रकल्पात ‘इंटरॅक्शन सार्थ नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच व्यक्तीवर दोन्ही अटी वापरता आल्या तर आकडा बराच खाली येतो, म्हणून शक्य तिथे ती वाट धरावी. परिणामाचा आकार जामोवीच्या साध्या ॲनोव्हात तीन प्रकारे मिळतो: ईटा वर्ग, आंशिक ईटा वर्ग, ओमेगा वर्ग. कुठला दिला ते अहवालात लिहावं. एकाहून जास्त घटक असले की आंशिक ईटा साध्या ईटापेक्षा सहसा फुगीर दिसतो आणि निरनिराळ्या प्रकल्पांत तुलनेला चालत नाही.

फाइल ‘ओएमव्ही’ या प्रकारात साठते आणि डेटा, निवडलेले पर्याय, निकाल तिन्ही एकत्र राहतात. जुन्या टेबलावर टिचकी मारली की कुठल्या खुणा केल्या होत्या ते पुन्हा समोर येतं. मार्गदर्शकांना टेबलांचा पीडीएफ पाठवण्यापेक्षा ही फाइलच पाठवावी. ‘सिंटॅक्स मोड’ चालू केला की प्रत्येक विश्लेषणाची आर आज्ञा दिसते, ती परिशिष्टात चिकटवता येते. अहवालात जामोवीची आवृत्ती आणि गॅमएलजेचीही आवृत्ती लिहा. मॉड्यूल उतरवायला मात्र नेट लागतंच, तेव्हा गावी जाऊन लिहायला बसणार असाल तर ते विभागाच्या वाय-फायवर आधीच बसवून, एकदा उघडून बघून घ्या.